साबणाच्या फळ्या

१२ जानेवारी

माननीय संचालिका,

आपल्या साबणाच्या कार्यशाळेला मी गेल्या गुरुवारी निवड समितीच्या वतीने भेट दिली. आमच्या सभासदांच्या दुकानात लहान उद्योगांचा माल ठेवण्याआधी तो कसा तयार होतो हे प्रत्यक्ष पाहायचं, आणि खात्री पटली तरच त्यावर दुकानाचं हिरव्या पानाचं चिन्ह लावायचं, अशी आमची पद्धत आहे.

आपल्या वेष्टनावर 'हातानं घडवलेला, महिनाभर मुरवलेला' असं छापलं आहे. तेल आणि कॉस्टिक सोड्यापासून केलेला साबण वड्या पाडल्यावर महिनाभर फळ्यांवर उघडा ठेवावा लागतो, तेव्हा कुठे तो अंगाला लावण्याजोगा होतो. म्हणजे महिन्यात जेवढा साबण विकला जातो, तेवढाच केव्हाही फळ्यांवर मुरत असायला हवा. आपल्याकडे मला एकही फळी दिसली नाही. दोन मोठी पातेली दिसली, आणि भिंतीलगत छतापर्यंत रचलेली खोकी. एक खोकं उघडं होतं. त्यात कारखान्यातून आलेले तयार साबणाचे पांढरे ठोकळे होते. ते वितळवून, रंग आणि वास घालून, वर एक वाळलेलं पान दाबलं की तासाभरात वडी तयार होते. यात बेकायदा काहीच नाही. फक्त तो महिनाभर मुरवलेला साबण नव्हे.

त्यामुळे आपला माल आम्हाला ठेवता येणार नाही. वेष्टनावरचा मजकूर बदलला तर पुन्हा विचार करता येईल. हा निर्णय व्यक्तिगत नाही.

निवड समितीच्या वतीने

ता. क. आईंचा राखाडी स्वेटर माझ्याकडे राहिला आहे. पुढच्या आठवड्यात तुझा दादा तिकडे येईल, त्याच्याबरोबर पाठवते.


१७ जानेवारी

वहिनी,

'माननीय संचालिका' वाचून मी आधी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. म्हटलं, दुसऱ्या कुणाचं माझ्या दारात पडलं की काय. तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा मी शाळेत होते. तेव्हापासून 'चिमे चहा टाक', 'चिमे दार लाव', आणि आता एकदम 'आपण'! आणि ता. क. मध्ये पुन्हा 'तुझा दादा'. समितीची शाई मध्येच संपली का?

तुमचे फोन मी मुद्दाम घेतले नाहीत. कागदावर लिहिलंत ना, कागदावरच घ्या.

आधी तुमच्या त्या भेटीबद्दल. हात मागे बांधून फिरलात. 'याच्या आत काय आहे? त्याच्या मागे काय आहे?' चहा ठेवला होता तो तसाच निवला. तुम्ही गेल्यावर माझ्याकडे कामाला येणाऱ्या दोघी विचारत होत्या, कर खात्याच्या बाई होत्या का म्हणून. मी म्हटलं, नाही गं, माझ्या सख्ख्या भावाची बायको. तर म्हणतात कशा, 'मग चहा का नाही प्यायल्या?' सांगा, काय सांगू त्यांना?

फळ्या घरी आहेत. गच्चीवर पत्र्याची शेड आहे, तिथे. साबणाला खेळती हवा लागते, हे तुम्हाला माहीत असेलच, तुम्हाला सगळंच माहीत असतं. विचारलं असतंत तर नेऊन दाखवलं असतं. तुम्ही पाहिलेली खोकी हॉटेलच्या मालाची. तो धंदा वेगळा.

आता वेष्टन. त्यावरचं वाक्य तुम्ही अर्धंच लिहिलंत, पुरतं मी लिहिते. 'हातानं घडवलेला, महिनाभर मुरवलेला, वापरून संपला तरी मातीला जड न होणारा.' कुणाचं आहे हे? माझ्या स्वयंपाकघरात बसून कुणी लिहिलं? मी म्हणत होते, नुसतं 'साबण' लिहू या. तुम्ही म्हणालात, 'चिमे, लोकांना नुसता साबण नको असतो, त्यांना गोष्ट लागते.' दिलीत ना गोष्ट? मग आता ती खोटी म्हणून माझ्यावरच का उलटता?

आणि शेवटचं. डोळे काय समितीलाच असतात का? नमुने द्यायला मी तुमच्या दुकानात आले तो मंगळवार होता, सकाळची वेळ. पुढचे पडदे ओढलेले, म्हणून मागच्या गल्लीतून गेले. मागे टेम्पो उभा. तुमची मदतनीस बाई कात्रीनं प्लास्टिकच्या पिशव्या फोडत होती आणि त्यातली डाळ तुमच्या त्या सुंदर काचेच्या बरण्यांत ओतत होती. डाळ, साखर, चहा, सगळं. रिकाम्या पिशव्यांचा ढीग तिच्या कमरेपर्यंत आला होता. आणि पुढच्या दारावर पाटी काय? 'इथे प्लास्टिकला दार बंद.'

पुढचं दार, वहिनी. पुढचं.

चिमी (संचालिका)

ता. क. स्वेटर पाठवाच. 'तिनं ठेवून घेतला की काय' असं आई रोज विचारते.


२५ जानेवारी

चिमे,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा रागानं, दुसऱ्यांदा त्यात खरं किती आहे ते शोधायला.

'आपण' लिहिलं ते चुकलं. नात्याचा आधार घेऊन नकार द्यायचा नव्हता, म्हणून समितीच्या मागे उभी राहिले. ते तुला कळलं, आणि तुझा तेवढा टोमणा मला लागला. चहाचंही तसंच. प्यायले असते तर नंतर नाही म्हणता आलं नसतं, अशी मला भीती होती. हे कारण चांगलं नाही, पण खरं आहे.

वाक्य माझंच आहे. मी ते लिहिलं तेव्हा तुझ्या घरातली ती मागची खोली फळ्यांनी भरलेली होती. तू एकेक वडी उलटत होतीस, सोड्याचा चटका उरला आहे का ते बघायला मधूनच एखादीला जिभेचं टोक लावत होतीस आणि 'ही अजून चावते' म्हणून परत ठेवत होतीस. मी जे पाहिलं ते लिहिलं. पुढे साबण बदलला आणि वाक्य तसंच राहिलं. ते तेव्हा खरं होतं म्हणूनच आज जास्त खोटं आहे. त्याचा दोष माझ्या अंगावर ढकलू नकोस. शब्द माझे असतील, छापतेस तू.

आमच्या दुकानातल्या पिशव्या माल पुरवणारा परत नेतो आणि पुन्हा भरून आणतो. आमच्या अध्यक्षांनी, म्हणजे त्या दातांच्या डॉक्टरांनी, हे सुरुवातीलाच आम्हाला सांगितलं होतं. मी दुपारी दुकानात असते, सकाळचं मला दिसत नाही. पण घाईनं एक ढीग पाहून तू जे ठरवलंस ते चूक आहे.

आणि आता गच्ची. तुझ्याकडे पाणी येत नव्हतं म्हणून तुझा दादा टाकी बघायला वर गेला होता, हे तू विसरलीस. तुझं पत्र आल्यावर भाजी निवडता निवडता मी सहज विचारल्यासारखं विचारलं, 'गच्चीवरची शेड कशी आहे हो?' तो म्हणाला, 'कसली शेड? टाकी आहे, आणि आईची चादर वाळत होती.'

ते 'सहज विचारल्यासारखं' मला नंतर बोचलं. नवऱ्याला न सांगता त्याच्याकडून बहिणीविरुद्ध साक्ष काढून घेतली मी. पण म्हणून शेड उगवत नाही, चिमे.

वहिनी


३० जानेवारी

वहिनी,

दादाला हेर केलंत. शाबास. बिचारा टाकीत हात घालून भिजला, वर तुमच्या खटल्यात साक्षीदारही झाला.

घ्या. गच्चीचं खोटं बोलले. शेड नाही, कधीच नव्हती. झालं समाधान?

आता फळ्यांचं खरं काय ते ऐका. गेल्या वर्षी आई पडली तेव्हा ती तुमच्याकडे येणार होती. तुम्ही म्हणालात तिसरा मजला, लिफ्ट नाही, गुडघे चालणार नाहीत. बरोबर आहे, लिफ्ट नाहीच तुमच्याकडे. माझ्याकडे तळमजला आहे, पण जास्तीची खोली एकच, ती मागची. तिच्यात फळ्या होत्या. आईला तिथे आणलं तर पहिल्याच आठवड्यात कच्च्या साबणाच्या वासानं तिला खोकला लागला, श्वास पुरेना. आई आणि मुरणारा साबण एका खोलीत राहू शकत नाहीत. मी आई ठेवली.

आणि नेमकी त्याच सुमारास हॉटेलची ऑर्डर आली. त्यांना महिना थांबायचं नव्हतं, सगळ्या वड्या एकसारख्या हव्या होत्या, वर पान दिसायला हवं होतं. खोकी मागवली. आधी हॉटेलपुरती, मग सगळ्याचसाठी. दोघींना कामावर ठेवलं आहे, त्यांना काय, 'घरी जा, आमची आई आली आहे' म्हणून सांगू?

फळ्या अजून त्याच खोलीत आहेत. पलंगामागे भिंतीला टेकवून उभ्या केल्यात. कार्यशाळेतून निघून तुम्ही आईला भेटायला घरी आलात ना, तेव्हा तुमची पर्स त्यांच्यावरच ठेवली होतीत. मोठ्या आल्या फळ्या शोधणाऱ्या!

पिशव्या परत जातात म्हणे. कुणी सांगितलं? दातांच्या डॉक्टरांनी. माझ्याकडे येऊन खोकं उघडून पाहिलंत, आणि स्वतःच्या दुकानात ऐकीव गोष्टीवर भागवलंत. एखाद्या मंगळवारी सकाळी उठून जा की.

चिमी


१६ फेब्रुवारी

चिमे,

मंगळवारी सकाळी गेले. एकदा नाही, दोन मंगळवार गेले, कारण पहिल्यांदा पाहिलेल्यावर मला विश्वास ठेवायचा नव्हता.

पडदे ओढलेले होते. मदतनीस बाई पिशव्या फोडत होत्या. मी विचारलं, पडदे कशाला? त्या म्हणाल्या, 'अध्यक्षांनी सांगितलंय. गिऱ्हाइकांना पसारा दिसायला नको.' मग टेम्पोवाल्याला विचारलं, रिकाम्या पिशव्या कधी नेता? त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला अंड्याची टरफलं परत न्यायला सांगत होते. 'फाडलेल्या पिशव्या नेऊन मी काय करू बाई?' पिशव्या कचऱ्याच्या गाडीत जातात. पहिल्या दिवसापासून जातात.

मी लोकांच्या मागच्या खोल्या तपासत राहिले. विणकराकडे गेले, मेणबत्त्या करणाऱ्याकडे गेले, तुझ्याकडे आले. आमची मागची खोली माझ्या टेबलापासून दहा पावलांवर आहे. तिथे मी सकाळी का गेले नाही, याचं 'माझी वेळ दुपारची' हे उत्तर मी स्वतःला देऊन पाहिलं. ते टिकत नाही. मला बरण्या आवडायच्या. त्यांत उन्हाची तिरीप पडायची तेव्हा आपण काहीतरी चांगलं करतो आहोत असं वाटायचं. ते वाटणं जपायला मी दुपारीच जात होते, असं आता वाटतं.

समितीत मी म्हटलं, पाटी काढा. नाहीतर पडदे उघडा, बरण्या उचला, आणि पिशव्या आहेत तशा पुढे मांडा. लोकांना दिसू दे. कमी प्लास्टिकमध्ये माल देणारा मिळेपर्यंत तरी खरं बोलू. अध्यक्ष हसले. म्हणाले, 'अहो, लोक बरण्या बघायला येतात. डाळ काय, कुठेही मिळते.' बाकीचेही हसले. मी हसले नाही, म्हणून मग कुणीच हसेना. त्यानंतर ठरलं ते असं की निवडीचं काम यापुढे अध्यक्ष स्वतः पाहतील.

त्यांची पहिली निवड तुझा साबण आहे. हिरव्या पानासकट. वेष्टन त्यांना फार आवडलं. विशेषतः वाक्य.

तेव्हा तू जिंकलीस. वडी आहे तशी पाठव, कुणीही फळ्या विचारणार नाही.

आईंबद्दल. फळ्या पलंगामागे होत्या, त्यांच्यावर मी पर्स ठेवली, आणि मला त्या दिसल्या नाहीत. लिफ्ट नाही हे मी कारण म्हणून सांगितलं की सबब म्हणून, हे मी स्वतःला पूर्वीही विचारलं आहे. तुला सांगावं इतकं स्वच्छ उत्तर माझ्याकडे नाही. पण तू आईंना ढाल करू नकोस. फळ्या काढल्यास तेव्हा तुझ्याकडे खोली नव्हती, हे मान्य. वेष्टन बदलायला छापखान्यात जायचं होतं. त्याला खोली लागत नाही.

वहिनी


९ मार्च

वहिनी,

'तू जिंकलीस' हे तुम्ही असं काही लिहिलंत की वाचणाऱ्याला हरल्यासारखं वाटावं. शिकलेल्या माणसांची शिवी अशीच असते.

तुमचे दातांचे डॉक्टर येऊन गेले. चहा प्यायले, दोन कप. दोघी बायकांना 'छान, छान' म्हणाले. मी वाट बघत होते. पातेल्यात ठोकळे वितळत होते, खोकी समोर उघडी होती, मुद्दाम उघडी ठेवली होती मी. म्हटलं, आता विचारेल, मग विचारेल. शेवटी त्यांनी एक वडी उचलली, उजेडात धरली आणि विचारलं, 'हे पान जरा मोठं दिसेल का?'

एवढंच! सगळ्या भेटीत एवढंच!

तुमचा मला आलेला राग अजून गेलेला नाही, जाईल असंही दिसत नाही. पण तुम्ही निदान फळ्या शोधल्यात. धंद्याच्या चार वर्षांत तेवढं कुणी केलं नव्हतं. हॉटेलनं नाही, गिऱ्हाइकानं नाही. त्या माणसाला निरोप देऊन दार लावलं, तेव्हा मला तुमची आठवण आली आणि आणखीच चीड आली.

छापखान्यात गेले. खोली लागत नाही, खरं आहे. नवं वेष्टन छापलं: 'कारखान्यातला तयार साबण वितळवून ओतलेला. तासाभरात तयार. पान शोभेचं.' मोठ्या अक्षरांत. तीन खोकी भरून तुमच्या डॉक्टरांना पाठवली. चौथ्या दिवशी तशीच परत आली, वर चिठ्ठी: 'मजकुराबाबत गैरसमज झालेला दिसतो.' गैरसमज नाही म्हणावं, पहिल्यांदाच समज झाला आहे.

हॉटेलला हेच वेष्टन जातं. ते वाचत नाहीत, त्यांनी अजून काही म्हटलेलं नाही. तो धंदा मी सोडणार नाही, उगाच आशा लावून बसू नका. दोघी कामाला आहेत आणि आईची औषधं आहेत.

पण गेल्या रविवारी जुना साचा काढला. खोबरेल, एरंडेल आणि सोडा. हात विसरला असेल असं वाटलं होतं, विसरला नाही. परवा वड्या पाडल्या. आता त्या मुरायला हव्यात, आणि माझ्याकडे जागा नाही, कार्यशाळा खोक्यांनी भरली आहे. आईला पलंगासकट गच्चीवर ठेवायचं म्हटलं तर तिथे शेडही नाही.

म्हणून हे पत्र दादाबरोबर पाठवते आहे. पत्राच्या मागे फळ्या येतील आणि फळ्यांच्या मागे दोन पेट्या साबण. तुमच्याकडे लिफ्ट नाही, मला माहीत आहे. दादा चढवेल. फळ्यांना गुडघे नसतात. तुमची ती पुस्तकांची खोली आहे ना, खिडकी असलेली, तिथे मांडा. आई तिथे मावली नाही, साबण मावेल. नाही म्हणायचं असेल तर दारातूनच परत पाठवा, पण ते समितीच्या वतीने नको, तुमच्या सहीनं.

वड्या अजून कच्च्या आहेत, हातमोजे घालून लावा, नाहीतर कातडी सोलून निघेल. एकमेकींना टेकू देऊ नका. दर तीन-चार दिवसांनी उलटा. पहिले काही दिवस वास येईल, खिडकी उघडी ठेवा. कुणाला तो वास सहन होत नाही आणि का, हे तेव्हा तुम्हाला पत्र न लिहिता कळेल.

महिना झाला की एक वडी घ्या आणि जिभेचं टोक लावा. चावली तर परत ठेवा. सगळ्या वड्यांचं बघा, नमुन्यापुरती एक नको. तुमच्या घरात, तुमच्या डोळ्यांदेखत मुरलेला साबण असेल तो. त्याच्यात खोट काढायची असेल तर स्वतःपासून सुरुवात करावी लागेल.

चावायचा थांबला की कळवा. फोन नको.

आणि वेष्टनाचा विचार करत बसू नका. या वेळी मी लिहिणार आहे. 'साबण', एवढंच.

चिमी